हातचा कुठे हरवतो? वर्गातल्या अडचणी, वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी तीनदा शिकवून झाली. निम्म्या मुलांना जमते, उरलेली पुन्हा पुन्हा चुकतात. आता वेगळं काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : चौथ्यांदा तेच शिकवण्याआधी एक दिवस फक्त चुका वाचा. वजाबाकीत मुलं वाट्टेल तशी चुकत नाहीत. बहुतेकांनी स्वतःपुरता एक नियम बसवलेला असतो आणि तो ती इमानेइतबारे पाळतात. नियमच चुकीचा असतो. तो पकडायला चार उदाहरणं पुरतात : ६४−२१, ५२−३८, ७०−२६ आणि ४०३−१५७. ती फळ्यावर लिहून द्या, तोंडी घालू नका. मराठीत ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात, पन्नास मागून. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ ऐकू येतं आणि लिहायचं असतं ५९. ऐकून ५२ ऐवजी २५ लिहिणाऱ्या मुलाची अडचण वजाबाकीची नाहीच.

आता उत्तरं बघा. ५२−३८ चं उत्तर २६ आलं असेल, तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय. ही सवय बऱ्याचदा आपणच लावतो. ‘लहानातून मोठी संख्या जात नाही’ हे वाक्य ऐकलं की मूल सरळ उलटं करून घेतं : दोनातून आठ जात नाहीत ना, मग आठातून दोन. त्याऐवजी ‘दोन सुटे आहेत, द्यायचेत आठ, कमी पडतात, एक दशक फोडू या’ असं म्हणा. उत्तर २४ असेल तर दशक फोडलं, पण ५ चे ४ करायचे राहिले. ७०−२६ चं ५६ म्हणजे पुन्हा पहिलाच नियम. ५० आलं तर ‘शून्यातून काहीच जात नाही, म्हणून शून्य’ असा समज आहे. ६४−२१ चं ३१३ लिहिणाऱ्या मुलाला हातचा ‘घ्यायचाच असतो’ एवढंच पाठ आहे. त्याला आधी विचारा, ६४ मधून काही काढलं तर उरलेलं ६४ पेक्षा मोठं कसं झालं?

४०३−१५७ सगळ्यांत बोलकं. बरोबर उत्तर २४६. १५६ आलं असेल तर मुलाने एककासाठी शून्य ओलांडून थेट शतक फोडलं आणि दशकाची वेळ आल्यावर तेच शतक दुसऱ्यांदा फोडलं. ३४६ आलं तर शून्याचे ९ झाले, पण ४ चे ३ झाले नाहीत.

उपाय जुनाच आहे, काड्या आणि रबरबँड. पण तो हमखास फसतो तो एका जागी. सोमवारी काड्या, मंगळवारी लेखी रीत असं केलं की मुलाच्या डोक्यात त्या दोन वेगळ्या गोष्टी होतात. म्हणून काड्या आणि वही शेजारी शेजारी हवीत. जुडीचा रबर सुटला की त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४, आणि २ च्या जागी १२. एक हालचाल, एक खूण. ४०३ साठी शंभराचा एक गठ्ठा सोडा, दहा जुड्या होतील; त्यातली एक जुडी सोडा. समोर उरतात ३ गठ्ठे, ९ जुड्या आणि १३ काड्या. नऊ कुठून आले हे मुलाने एकदा हाताने केलं की शून्याची भीती जाते.

एकाच चुकीची चार-पाच मुलं एकत्र बसवून रोज १५ मिनिटं द्या, बाकी वर्ग सराव करील. प्रत्येक उदाहरणानंतर उत्तर आणि वजा केलेली संख्या यांची बेरीज करायला लावा. २६ आणि ३८ मिळून ६४ होतात, ५२ नाही, हे मुलाला स्वतःलाच दिसलं पाहिजे.

प्रश्न : मी प्रश्न विचारला की तेच चार-पाच हात वर येतात. बाकीचा वर्ग शांत. गप्प मुलांना कसं बोलतं करावं?
– सहावीचे विज्ञान शिक्षक

उत्तर : आधी घड्याळ लावून बघा. प्रश्न संपल्यापासून तुम्ही स्वतः पुन्हा बोलेपर्यंत किती वेळ जातो? अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा हा वेळ साधारण एक सेकंद निघाला. तो तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर उत्तरं लांबली, न विचारता बोलणारी मुलं वाढली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. एका सेकंदात उत्तर देणारी चार-पाचच मुलं असतात, आणि ती कोण हे बाकीच्यांनाही पाठ असतं.

तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. फळ्यापाशी उभं राहून ते संपता संपत नाहीत. मग आपण काय करतो, तर शांतता असह्य होऊन तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो. इथेच घोटाळा होतो. विचार करणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न सोडून दुसरा समजून घ्यावा लागतो. मनात एक ते पाच मोजा, तोंड बंद. नाव शेवटी घ्या. ‘सांग गं, बाष्पीभवन कशामुळे वाढतं?’ असं कुणा एकीकडे बघून सुरुवात केली की उरलेला वर्ग सुटला. उत्तर आल्यावरही दोन-तीन सेकंद थांबा. ‘शाब्बास’ किंवा ‘चूक’ लगेच आलं नाही, तर बरीच मुलं स्वतःच पुढचं वाक्य जोडतात.

‘का’ आणि ‘कसं’ असे प्रश्न असतील तर आधी अर्धा मिनिट पाटीवर किंवा कच्च्या वहीत लिहू द्या आणि सगळ्या पाट्या एकदम वर करायला सांगा. एकेक वर आली तर पुढच्याची बघून लिहितात. कोणी ‘येत नाही’ म्हणालं तर सोडून देऊ नका, रागावूही नका. दुसऱ्या दोघांचं ऐका आणि परत त्याच्याकडे या : ‘या दोघांपैकी तुला कोणाचं पटतं? का?’ गप्प राहून सुटका होत नाही आणि चुकून फजितीही होत नाही, हे कळायला वर्गाला दोनेक आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी फरक शोधू नका.

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. मराठी वाचताना अडखळतो. परिच्छेद संपेपर्यंत सुरुवातीचं विसरलेला असतो. रोज एक धडा वाचून घेते, तरी फरक नाही.
– एक आई

उत्तर : ताई, डोळे आणि कान तपासले नसतील तर ते आधी. मग धडा बाजूला ठेवा, तो फार मोठा आहे. १०० शब्दांचा उतारा निवडा, त्याला वाचू द्या आणि न टोकता चुकलेल्या शब्दांवर तुमच्या प्रतीत खूण करा. दहापेक्षा जास्त चुका झाल्या तर मजकूर त्याच्यासाठी अवघड आहे, खालच्या इयत्तेचा घ्या. पाचापर्यंत असतील तर सरावाला योग्य.

खुणा केलेले शब्द वेगळे लिहून काढा. बहुतेक वेळा ते दोन-तीन जातींचे निघतात. पहिली जात, जिथे लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम जुळत नाही. ‘दिवा’मधली पहिली वेलांटी ‘द’च्या आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. ‘धर्म’मधला रफार ‘म’च्या डोक्यावर, उच्चार त्याच्या आधी. दुसरी जात ‘र’च्या जोडाक्षरांची : प्रकाश, ट्रक, सूर्य, दुसऱ्या. एकच ‘र’ चार वेषांत येतो, म्हणून एका दिवशी एकच वेष घ्या, त्याचे आठ-दहा शब्द. तिसरी जात लांब शब्दांची, आणि मराठीत हीच जास्त छळते. ‘मुलांसाठीसुद्धा’ हा शब्द मूल अक्षर-अक्षर लावत गेलं की दमतं. पेन्सिलीने रेघा मारा : मुलां/साठी/सुद्धा. ‘साठी’, ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘सुद्धा’, ‘च्याजवळ’ हे तुकडे नजरेला ओळखीचे झाले की वेग आपोआप येतो.

रोज १० मिनिटं, एकच उतारा चार दिवस. आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते तारखेसह लिहा. जुना आकडा स्वतःचाच असल्यामुळे तुलना बोचत नाही. अडला की तीन सेकंद थांबा, मग शब्दाचा पहिला तुकडा सुचवा. वाक्याच्या मध्येच चूक दुरुस्त केली तर अर्थाचा धागा तुटतो, आणि तुमची मूळ तक्रार तीच आहे. वाक्य संपू द्या.

दोन महिने हे नेमाने करूनही आकडा जागचा हलला नाही, तर वर्गशिक्षकांशी बोलून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्यात डिस्लेक्सिया, म्हणजे शब्द वाचण्यातली कायमची अडचण, निघाला तर त्याचा बुद्धीशी संबंध नसतो, आणि ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणत वाट बघण्यात वर्षं वाया जातात.

प्रश्न : मी नववीत आहे. धडा चार-पाचदा वाचते, रात्री सगळं येतं आणि परीक्षेत डोकं कोरं होतं.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : रात्री ‘येतं’ असं वाटतं कारण पुस्तक उघडं असतं. ओळखीचं वाटणं आणि आठवून लिहिता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेत दुसरं लागतं आणि तू सराव पहिल्याचा करतेस. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हाच प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे.

म्हणून धडा दोनदाच वाच. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिही, अडलीस तरी दोन मिनिटं तशीच बस. त्या ताणानेच लक्षात राहतं, आणि लगेच डोकावलीस तर कष्ट फुकट. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भर. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा कोरा कागद घे, दर वेळी लाल शाई कमी व्हायला हवी. पहिला कागद निम्मा रिकामा राहील. त्याने घाबरून परत वाचायला बसू नकोस.

प्रश्न : ६० वह्या तपासताना रात्र होते. मुलं मात्र गुण बघून वही मिटतात. शेरे कोणी वाचत नाही.
– आठवीच्या भाषा शिक्षिका

उत्तर : एका वहीला तीन मिनिटं धरली तरी ६० वह्यांचे तीन तास होतात. रोज एवढा वेळ देऊन मुलांनी शेरा वाचायचाच नसेल, तर चूक मुलांची नाही, मांडणीची आहे. इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं; गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदा दिसला नाही. गुण दिसला की वाचन संपतं. तुम्ही गुण आपल्या नोंदवहीत ठेवा आणि मुलांना दोन दिवसांनी, दुरुस्ती झाल्यावर सांगा.

रोज १५ वह्या सखोल बघा, चार दिवसांत वर्ग पुरा होतो. बाकीच्या वह्यांवरून फक्त नजर फिरवा. चूक स्वतः दुरुस्त करू नका. ओळीच्या समासात खूण करा : शुद्धलेखनाला ‘शु’, विरामचिन्हाला ‘वि’, वाक्य अपुरं असेल तर ‘वा’. नेमकी जागा मुलांनी शोधायची. आणि पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं त्या दुरुस्तीला द्या. ‘घरी बघा’ म्हटलेला शेरा कोणी बघत नाही.

प्रश्न : दुपारपर्यंत माझा आवाज बसतो. मुलं गोंगाट करतात, मला ओरडावं लागतं.
– दुसरीच्या शिक्षिका

उत्तर : गोंगाटात प्रत्येक जण नकळत आवाज चढवतो, एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच हे नोंदवलं आहे. तुम्ही ओरडलात की वर्ग तुमच्याही वर बोलतो. शांत करण्यासाठी आवाज वापरूच नका. टाळ्यांचा ठेका ठरवा, तुम्ही वाजवायचा आणि वर्गाने परत द्यायचा. मग दोन सेकंद पूर्ण शांतता, आणि पहिलं वाक्य हळू. सूचना मागच्या भिंतीपर्यंत फेकण्यापेक्षा रांगांमधून चालत द्या. घोट घोट पाणी तासाभरात दोन-तीनदा. बसलेल्या घशाने कुजबुजणं टाळा, त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. बोलायचंच तर मऊ, नेहमीच्या सुरात. तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

प्रश्न : गटकामात एकच मुलगी सगळं करते, बाकीचे तिच्या वहीत बघतात.
– सातवीचे वर्गशिक्षक

उत्तर : कारण काम एकटीला जमण्यासारखं आहे. माहितीचे चार तुकडे करा, चौघांना एकेक द्या, आणि शेवटचा प्रश्न असा विचारा की चारही तुकड्यांशिवाय उत्तर येणार नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत ही रीत रुजवली. सगळ्या गटांतली एकाच तुकड्याची मुलं आधी वेगळी एकत्र बसवून पाच-सात मिनिटं तयारी करू द्या. नाहीतर कच्च्या मुलाचा तुकडा गटाला अर्धवटच मिळतो आणि मग ती मुलगी पुन्हा सगळं हातात घेते. गट चारपेक्षा मोठा नको. अहवाल कोण सांगणार हे आधी जाहीर करू नका, शेवटी चिठ्ठी काढा.