हळदीची कॅप्सूल, श्रावणातल्या पालेभाज्या आणि आयएनआर

"हळद तर रोज हुमणात (माशांच्या आमटीत) घालतो. मग तिची कॅप्सूल घेतली तर काय बिघडलं?" रक्त पातळ ठेवणारी गोळी ज्या घरात चालू आहे, तिथून हा प्रश्न हमखास येतो. गोव्यातल्या साखळी गावच्या एका कुटुंबाने तो जरा उशिरा विचारला. त्यांची हकीकत इथे देतो आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकींचं वय ५८. लहानपणी सांधेज्वर झाला होता, त्यात हृदयाची मिट्रल झडप खराब झाली आणि पुढे तिच्या जागी धातूची झडप बसवली. तेव्हापासून असेनोकुमारॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. आठवड्यातले पाच दिवस २ मिलिग्रॅम आणि बुधवार-रविवार ३ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला १६. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा: जितका जास्त, तितकं रक्त पातळ. या झडपेसाठी तो २.५ ते ३.५ च्या दरम्यान हवा. त्यांचा कित्येक महिने २.८-२.९ च्या आसपास होता. एपिक्सबान, रिव्हरॉक्सबानसारख्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान या तसल्याच नव्या गोळीची अशा रुग्णांवरची चाचणी रक्ताच्या गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती. त्यामुळे काकींना जुनीच गोळी आणि तिच्यासोबत येणारी रक्ततपासणी, दुसरा मार्ग नाही.

मे महिन्यात गुडघे दुखायला लागले. नात्यातल्या कुणीतरी ऑनलाइन मागवलेली कॅप्सूल आणून दिली: करक्युमिन ५०० मिलिग्रॅम, सोबत मिऱ्यातलं पायपरीन ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. शिवाय रात्री गुडघ्यांना झोंबणारा बाम चोळणं. जुलैत दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि दंडावर कशाशी आपटल्याचं आठवत नसताना निळं डाग पडलं. आयएनआर ५.४.

मोठा रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली आणि नंतरचा डोस रोज २ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला १४ केला. "दुसरं काही औषध घेता का?" असं त्यांनी विचारलंही होतं. काकी "नाही" म्हणाल्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांच्या लेखी कॅप्सूल हे औषधच नव्हतं. आम्ही हा प्रश्न वेगळा विचारतो: सकाळपासून रात्रीपर्यंत पोटात काय काय जातं आणि अंगाला काय काय लावलं जातं? काढा, चूर्ण, रस, हर्बल चहा, बाम, सगळं त्यात आलं पाहिजे.

खरा घोळ पुढे झाला. फार्मसीवाल्याकडून कॅप्सूलचा संशय कानावर आला तशी काकींनी ती एका दिवसात बंद केली आणि कुणाला सांगितलं नाही. डोस मात्र कमी केलेलाच राहिला. त्यात श्रावण लागला. मासळी बंद, ताटात तायकिळा, कुर्डू, अळू आणि तांबडी भाजी. तीन आठवड्यांनी आयएनआर १.७. यानंतर सून त्यांना घेऊन आमच्याकडे समुपदेशनाला आली, ती मात्र ५.४ ची काळजी घेऊन. "आईंचं रक्त इतकं पातळ झालं होतं, परत तसं झालं तर?" तिला सांगावं लागलं की आज घाबरायचं ते १.७ ला. धातूच्या मिट्रल झडपेवर गुठळी बसली तर झडप अडकते, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते. अचानक दम लागणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, झडपेची नेहमीची टिकटिक मंद होणं, यातलं काहीही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही.

आता हळदीचा हिशोब. हळदपुडीत करक्युमिन साधारण ३ टक्के असतं. एक चमचा, म्हणजे ३ ग्रॅम पूड घेतली तर त्यात ९० मिलिग्रॅमच्या आसपास. चार माणसांच्या हुमणात पाऊण चमचा पडला तर एकाच्या वाट्याला वीसही नीट येत नाहीत. काकींच्या दोन कॅप्सूलमध्ये १००० मिलिग्रॅम होतं, म्हणजे रोज दहा-अकरा चमचे हळद खाल्ल्यासारखं. एरवी करक्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. ते जास्त शोषलं जावं म्हणूनच पायपरीन घालतात. आणि पायपरीन इतर औषधांची मोडतोड करणाऱ्या एन्झाइमांनाही आवरतं. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये एका रुग्णाची नोंद जाहीर केली होती: वॉरफेरिनवर (असेनोकुमारॉलच्याच जातीची गोळी) स्थिर असलेल्या माणसाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर १० च्या वर गेला. प्रत्येकाचं असं होत नाही. कुणाचं होईल हे आधी सांगता येत नाही, अडचण तीच आहे. तेव्हा हुमण, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, लसणाची फोडणी, सोलकढी यांतलं काही सोडायचं कारण नाही. स्वयंपाकाच्या मापाने हे सगळं चालतं.

बामाकडे कुणाचं लक्ष जात नाही. डबीवर मिथाइल सॅलिसिलेट किंवा विंटरग्रीन तेल लिहिलेलं असेल तर ते ॲस्पिरिनच्या कुळातलं. रोज, मोठ्या भागावर, वर फडकं गुंडाळून लावलं की कातडीतून रक्तात जातं आणि आयएनआर वाढवतं. काकींच्या ५.४ मध्ये कॅप्सूलचा वाटा किती आणि बामाचा किती, हे वेगळं काढता आलं नाही. दोन्ही एकाच महिन्यात सुरू झाली होती.

पालेभाज्यांचं उलट. असेनोकुमारॉल आणि वॉरफेरिन व्हिटॅमिन केचं काम अडवतात, आणि हिरव्या-तांबड्या पाल्यात तेच भरपूर असतं. म्हणून पाला सोडायला सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि हा सल्ला चुकीचा आहे. पाला सोडला की थोड्याशा फरकानेही आयएनआर उड्या मारतो. नियम असा: वर्षभर जेवढा खाता तेवढाच खा. आठवड्यातून चार वाट्या असतील तर श्रावणातही चारच. उरलेल्या दिवशी दुधी, दोडकी, काकडी, उसळ. श्रावणभर रोज पाला खायचाच असेल तर आधी क्लिनिकला सांगा. सुरू झाल्यावर आठवड्याने एक तपासणी आणि चतुर्थीला जेवण बदललं की पुन्हा एक. मस्काच्या (शेवग्याच्या) पाल्याची पूड, गव्हांकुराचा रस हीसुद्धा पालेभाजीच, फक्त आटवलेली.

काकींच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञांनी डोस पुन्हा १६ वर नेला आणि आयएनआर पातळीत येईपर्यंत रक्त लगेच पातळ करणारं हेपरिन जातीचं इंजेक्शन दिलं. हा निर्णय डॉक्टरांचाच, घरी ठरवायचा नव्हे. आयएनआर २.५ च्या वर सलग दोनदा आल्यावर इंजेक्शन थांबलं. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल ठरलं, तेही दुखेल तेव्हाच. ते रोज दोन ग्रॅमपर्यंत काही दिवस सलग घेतलं तर आयएनआर वाढू शकतो, म्हणून तेही आयएनआरच्या नोंदवहीत लिहायचं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक पूर्ण वर्ज्य. शेक आणि मांडीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून.

सुनेचा शेवटचा प्रश्न नेहमीचाच होता: "गोळी रात्री आणि आयुर्वेदिक सकाळी, असं अंतर ठेवलं तर?" नाही चालत. हा झगडा पोटात होत नाही, यकृतात आणि प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणांवर, होतो. बारा तासांच्या अंतराने तो टळत नाही.

ज्यांना तरीही पूरक औषध हवंच आहे त्यांनी आधी गोळी देणाऱ्या डॉक्टरांची परवानगी घ्यावी. धातूची झडप असेल तर उत्तर बहुतेक वेळा "नको" असंच मिळेल, आणि ते बरोबर आहे. परवानगी मिळाली तर एका वेळी एकच गोष्ट, एकाच कंपनीची, डबी जपून ठेवलेली. सुरू करण्याआधी आयएनआर, मग पाच-सात दिवसांनी, मग तीन-चार आठवडे दर आठवड्याला. बंद करतानाही हेच सगळं पुन्हा. वैद्यांकडे जायचं असेल तर जरूर जा. पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं रुग्णालय आहे, तिथे किंवा आपल्या नेहमीच्या वैद्यांकडे आयएनआरची वही दाखवूनच औषध लिहून घ्या. परवाना क्रमांक किंवा बॅच नंबर नसलेली, बाजारात सुटी मिळणारी सांधेदुखीची पुडी मात्र घेऊच नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेली सापडली आहेत. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले तर आनंदापेक्षा संशय जास्त यावा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. लसणाच्या, आल्याच्या आणि जिंकोच्या कॅप्सूल प्लेटलेटचं काम मंदावू शकतात. हे आयएनआरमध्ये दिसत नाही, म्हणून आकडा चांगला असूनही रक्त वाहू शकतं. सेंट जॉन्स वॉर्ट, म्हणजे उदासीवर विकलं जाणारं हर्बल औषध, उलट्या दिशेने जातं, गोळीचा परिणाम घटवतं, आणि एपिक्सबान, रिव्हरॉक्सबान, डॅबिगॅट्रान घेणाऱ्यांनाही ते वर्ज्य आहे. त्यांची आयएनआर तपासणी होत नसल्यामुळे असा बिघाड लक्षातही येत नाही. गुग्गुळामुळे डिल्टियाझेमचं रक्तातलं प्रमाण घटल्याचं माणसांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. हृदयाचे ठोके आवरायला ती गोळी चालू असेल तर लक्षात ठेवा. काढ्यातलं ज्येष्ठमध रोज घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. डेंग्यूच्या दिवसांत पपईच्या पानांचा रस पीत घरी बसू नका: रक्त पातळ करणारी गोळी आणि घसरणाऱ्या प्लेटलेट एकत्र आल्या की रुग्णालयच. फेणी एका बैठकीत जास्त झाली तरी आयएनआर चढतो.

दात काढायचा असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर हर्बल कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद करा, डॉक्टरांना कळवून. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून एक दिवसही थांबवू नका. कॅप्सूलमुळे त्रास झाल्याची शंका असेल तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर सांगता येतं. काळी डांबरासारखी शौच, लाल लघवी, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त किंवा अचानक असह्य डोकेदुखी झाली तर १०८ ला फोन करा. डोक्यावर पडलात आणि वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचतं आणि लक्षणं कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतात. जाताना वही आणि घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या.