ओले वाइप्स, खोबरेल आणि सासूबाईंची पर्स

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी मी आणि माझ्या सासूबाई (वय ७६) मुंबईहून दोहामार्गे डॅलसला निघालोय. सासूबाईंना विमानातल्या चिंचोळ्या बाथरूममध्ये जमत नाही, म्हणून ओल्या वाइप्सची पाकिटं जवळ ठेवणार आहे. भाचा म्हणतो, ओलं म्हणजे द्रवच, काढून घेतील. शिवाय त्यांना खोबरेल, व्हिक्स, गुडघ्यांचं तेल आणि पावडरचा डबा हाताशी हवा असतो. काय जाऊ देतील? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, वाइप्स बिनधास्त घ्या. मोठं पाकीट घ्या, दोन घ्या. वाइप्समधलं पाणी कापडात मुरलेलं असतं, बाटलीसारखं सांडत नाही, म्हणून द्रवाच्या नियमात ते मोजत नाहीत. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा खात्याच्या यादीतही वाइप्स केबिनमध्ये चालतात. भाच्याचं लॉजिक वाईट नाही, फक्त चुकीच्या वस्तूला लावलंय.

ते लॉजिक लावायचं ते बाकीच्या यादीला. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिका-कॅनडाकडे जाणारी विमानं उडवून देण्याचा कट पकडला गेला. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमधून द्रव स्फोटक नेण्याचा बेत होता. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलीलिटरचा नियम आला: केबिनमध्ये त्याहून मोठी बाटली नाही. द्रव, जेल, क्रीम, स्प्रे, सगळं त्यात. व्हिक्स जेलमध्ये, टूथपेस्टही. खोबरेल थंडीत गोठून दगड झालं तरी ते तेलच धरा.

आणि इथेच बहुतेक जण अडकतात. बघतात ते बाटलीची क्षमता, आत किती उरलंय ते नाही. मी विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होते तेव्हा रोज दिसायचं: जवान ट्यूब उलटी करतो, मागचा बारीक छापलेला आकडा वाचतो आणि बाजूला ठेवतो. समोरचे काका म्हणतात, ‘अहो, तळाशी बोटभरच आहे!’ बोटभर असो नाहीतर थेंबभर, २०० मिलीची बाटली ती २०० मिलीचीच. तेव्हा खोबरेल आणि गुडघ्यांचं तेल छोट्या बाटल्यांत काढा. आकडा छापलेल्या रिकाम्या बाटल्या मिळतात, त्याच घ्या. औषधाच्या जुन्या बाटलीवर काही लिहिलेलं नसेल तर उगाच वाद होतो. बाकीचं तेल मोठ्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. खोबरेल सांडलेली बॅग उघडून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. साड्यांचं काय होतं ते विचारू नका.

या छोट्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, झिप असलेल्या पिशवीत घालायच्या, माणशी एक पिशवी. म्हणजे सासूबाईंची वेगळी, तुमची वेगळी. सगळं तुमच्याच पिशवीत कोंबू नका. वाइप्स या पिशवीत घालायचे नाहीत, नाहीतर निम्मी जागा तेच खातील.

पावडरचा डबा मात्र लहान घ्या. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलीलिटरपेक्षा जास्त पावडर केबिनमध्ये असेल तर वेगळी तपासणी होते, आणि समाधान झालं नाही तर ती ठेवून घेतात. हा नियम २०१८ पासूनचा आहे. टाल्कमच नव्हे, लेकीसाठी नेणार असाल ते मेतकूट आणि हळदही त्यातच येतं. ते सरळ मोठ्या बॅगेत टाका.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर सांगितली असेल तर एक लक्षात ठेवा. मदतनीस त्यांना पुष्कळदा वेगळ्या रांगेतून पुढे नेतो आणि पर्स त्यांच्या मांडीवरच जाते. त्या पर्समध्ये तुमची कात्री, सुरी, मोठी बाटली असं काही सापडलं तर उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसता. पर्स आदल्या रात्री तुम्ही स्वतः रिकामी करून भरा. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी वर ठेवा. पातळ औषध १०० मिलीपेक्षा जास्त लागत असेल तर प्रवासापुरतं चालतं, पण तपासणीला बाहेर काढून दाखवायचं.

दोहाला विमान बदलताना पुन्हा तपासणी असते, म्हणून मुंबईत सुरक्षा ओलांडल्यावर घेतलेली पाण्याची बाटली तिथे काढून घेतली जाऊ शकते. स्टीलची रिकामी बाटली जवळ ठेवा, तपासणी झाली की भरा.

वाइप्सची पाकिटं वापरली की झाकणाची पट्टी घट्ट दाबा. विमानातली हवा इतकी कोरडी असते की उघडं राहिलं तर डॅलसला पोचेपर्यंत ते नुसते कागद होतील. आणि वापरलेला वाइप टॉयलेटमध्ये टाकू नका, कचऱ्याच्या खणात टाका. ते टॉयलेट हवेच्या जोराने खेचतं, वाइप अडकला की पुढचे तास त्या बाजूच्या सगळ्यांचे हाल.

प्रश्न : सामान कमी ठेवायचंय म्हणून फक्त केबिन बॅगेवर लंडनला जातोय. रेझर, आफ्टरशेव्ह, डिओ चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कार्ट्रिजचा किंवा डिस्पोजेबल रेझर चालतो. सुटी ब्लेडं नाही, सेफ्टी रेझरमध्ये बसवलेलं ब्लेडही काढून घेतील. आफ्टरशेव्ह आणि डिओ दोन्ही १०० मिलीच्या आतले, त्याच पारदर्शक पिशवीत. तुरटीचा खडा मात्र कोणी अडवत नाही, माझ्या मते तोच आफ्टरशेव्हपेक्षा बरा.

प्रश्न : दहा महिन्यांच्या बाळासाठी उकळून गार केलेलं पाणी आणि दूध न्यायचंय. १०० मिलीत कसं भागेल? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : भागवायची गरजच नाही. बाळाच्या दूध-पाण्याला आणि खाण्याला प्रवासापुरती सूट आहे. वेगळ्या पिशवीत ठेवा आणि ट्रेमध्ये टाकण्याआधीच सांगा. कधी बाटली मशीनवर तपासतात, कधी झाकण उघडायला लावतात. बाळ जागं असेल तर त्याआधी थोडं पाजून घ्या, रांगेत रडारड कमी होते.