बीएडच्या मॅडम

“मॅडम, मला वर्ग आवरत नाही. मी चुकीच्या लाइनला आले का?”

हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन येतंच. बी.एड.चं दुसरं वर्ष, छात्रसेवाकाल, म्हणजे खऱ्या शाळेत शिकवण्याचा सराव, सुरू होऊन दोन-तीन आठवडे झालेले आणि वाट्याला आलेली असते सहावी किंवा सातवी. पाचवीची पोरं अजून बाईंच्या मागे मागे असतात, दहावीला बोर्डाची धास्ती असते. सातवीला यातलं काहीच नसतं.

ही मुलगी तेवीस वर्षांची. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, तालुक्याच्या गावातून शहरातल्या वसतिगृहात आलेली. (तिला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हातात पाठ टाचणाची, म्हणजे तासाच्या आखणीची वही, खाकी कव्हर घातलेली, प्रत्येक पान दोन रंगांत लिहिलेलं. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाई: ‘विषयज्ञान उत्तम. वर्गनियंत्रण नाही.’ पुढच्या पाठाला ‘आवाज वाढवा’. तिसऱ्याला नुसतंच ‘वर्गनियंत्रण!’

तिने आवाज वाढवला. मुलांनीही वाढवला. मागून कुणी मांजराचा आवाज काढला, मग दुसऱ्या कोपऱ्यातून त्या मांजराला उत्तर आलं. फळ्याकडे वळली की पाठीमागे वर्गाचा बाजार व्हायचा. आणि एक वाक्य तिच्या कानात रुतून बसलं होतं: “बीएडच्या मॅडम आहेत रे, ऑफ तासच समज.”

पहिल्या भेटीत मी चुकले. तिची धडधड, हाताला सुटणारा घाम ऐकून मी तिला श्वासाचा व्यायाम शिकवून पाठवलं. पुढच्या आठवड्यात ती आली आणि म्हणाली, “घेतला श्वास. तेवढ्यात त्यांनी डस्टर खिडकीबाहेर टाकलं.”

हसलो दोघी. मग मी तिला म्हटलं, ऊठ, मी सातवी, शिकव मला. ती उभी राहिली, ‘पूर्णांक संख्यांचा गुणाकार’ सुरू केला. बोलत होती माझ्याशी, पण डोळे सारखे माझ्या खांद्यावरून मागच्या कोपऱ्यात जात होते. तिथे माझं फायलींचं कपाट आहे.

“तिकडे काय आहे गं?”

ती थबकली. “निरीक्षक सर तिथे बसतात.”

तास सातवीचा, पण शिकवणं चाललं होतं कोपऱ्यातल्या पेनासाठी. मुलांना हे लगेच कळतं. आपल्याकडे बघून बोललं जात नाही म्हटल्यावर ती आपापला उद्योग शोधतात.

यात तिचा एकटीचा दोष नाही. शाळेत जाण्याआधी कॉलेजातच छोट्या पाठांचा सराव असतो, सूक्ष्म अध्यापन. त्याचं चक्र छत्तीस मिनिटांचं: सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे कसं झालं ते ऐकायचं, बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, पुन्हा सहा आणि सहा. समोर विद्यार्थी म्हणून बसलेल्या असतात आपल्याच मैत्रिणी. त्या बिचाऱ्या शहाण्यासारखी उत्तरं देतात, कारण पुढचा नंबर त्यांचा असतो. तिथून थेट पन्नास-पंचावन्न खऱ्या पोरांसमोर, आणि मागे वही उघडून बसलेले सर. नजर चुकणारच.

हे सगळं बोलून झाल्यावरही ती उठेना. पर्सची चेन उघड-बंद करत राहिली. दहा मिनिटांनी म्हणाली, “मी एकाला पट्टी मारली.”

त्या दिवशी निरीक्षण नव्हतं. मांजर काढणारा सापडला आणि हातात लाकडी पट्टी होती. दोन सटके, तळहातावर. वर्ग खरंच शांत झाला. शिक्षकखोलीत एक जुन्या बाई म्हणाल्या, “बरं केलंत, आता ऐकतील.” पुढचे दोन दिवस तो मुलगा आला नाही. वर्ग आवरत नाही हे तर होतंच, पण त्या शांततेचं तिला बरं वाटलं होतं आणि त्या बरं वाटण्याचीच तिला भीती बसली होती.

इथे मी तिची समजूत घातली नाही. ‘होतं असं कधीकधी’ हे वाक्य मला जवळचं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. पाठ्यक्रमात तिने ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मी एवढंच विचारलं, “त्याला काय सांगणार आहेस?” वर्गशिक्षकांना आधी सांगायचं आणि मग मुलाला, असं ठरलं. तिने सांगितलं. मुलगा तळहात चड्डीला पुसत म्हणाला, “लागलं नव्हतं. ताप आलेला.” मग जाता जाता: “तुम्ही दिवाळीनंतर जाणार ना?”

मला त्या मुलाचं हे वाक्य फार मोलाचं वाटतं. दरवर्षी नव्या मॅडम येतात, तक्ते लावतात, सोळा आठवडे राहतात, निरोपाला पेन वाटतात आणि जातात. पोरांनी जीव का लावावा?

पुढे आम्ही थोडंच केलं. तास नसतानाही वर्गात जायचं, मधल्या सुट्टीत डबा त्यांच्यात बसून खायचा. रोज पाच नावं पाठ. “ए, मागचा” बंद. फळ्यावर सलग लिहीत न राहता दोन ओळी लिहून वळायचं. आणि प्रश्न विचारला की मनात तीन आकडे मोजायचे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांत मोजून पाहिलं होतं: शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, एरवी गप्प असणारेही बोलतात. तिला ते तीन सेकंद जन्माएवढे वाटले. पहिल्या दिवशी त्या शांततेत पुन्हा मांजर आलंच. बसण्याच्या जागा बदलण्याची माझी सूचना तर साफ फसली. भांडणं वाढली, वर्गशिक्षक वैतागले.

लाइन चुकली का, याचं उत्तर मी तिसऱ्या आठवड्यात कुणालाच देत नाही. चांगल्या गेलेल्या तासानंतरही पोरांचा सहवास नकोसा वाटतो का, हे मात्र विचारते. त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर दुसरं काही बघावं, त्यात कमीपणा नाही. आणि रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येत असेल, झोप उडाली असेल, सकाळी उलट्या होत असतील, तर छात्रसेवाकाल संपायची वाट न बघता लगेच कुणाला तरी भेटावं.

शेवटच्या भेटीत ती उशिरा आली. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, उणे गुणिले उणे अधिक का होतं, सांगा बरं?” मांजरवाल्याने विचारलं होतं. नियम आहे म्हणून पाठ कर, असं तिला सांगवेना. उद्या सांगते म्हणाली आणि रात्री वसतिगृहात डोकं खाजवत बसली.

मला कुठलं येतंय. तिने माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि एकाखाली एक लिहीत गेली. उणे दोन गुणिले दोन, उणे चार. गुणिले एक, उणे दोन. गुणिले शून्य, शून्य. “दर वेळी दोनने वाढतंय, बघा. आता गुणिले उणे एक.”

पेन कागदावर टेकवून ती थांबली. माझ्याकडे बघत. एक, दोन, तीन.

“अधिक दोन,” मी म्हणाले.