लांबच्या प्रवासासाठी सर्वांत भरवशाची अॅडव्हेंचर टूरिंग बाईक कोणती?

तुम्ही विचारलंय की वर्षातून एकदा महिनाभर एकट्याने फिरायचंय, सामान भरपूर असेल, रस्ता कधी डांबरी कधी कच्चा, तर बीएमडब्ल्यू जीएस, होंडा आफ्रिका ट्विन, सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० आणि यामाहा टेनेरे ७०० यांपैकी भरवशाची कोणती. माझं उत्तर व्ही-स्ट्रॉम ६५०. कच्चा रस्ता निम्म्याहून जास्त असेल तर टेनेरे ७००. घाईत असाल तर एवढ्यावर थांबलात तरी चालेल, पण मग जीएसवाला मित्र भेटला की तो तुमचं मत अर्ध्या तासात फिरवेल. म्हणून कारणंही सांगतो.

कंपन्यांच्या नावावरून भरवसा ठरवण्यात गडबड होते. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक-मासिकाने २०१५ साली आपल्या वाचकांचं एक सर्वेक्षण छापलं होतं. २००८ ते २०१४ दरम्यानच्या हजारो मोटारसायकली त्यात होत्या. चार वर्षं जुन्या गाडीत बिघाड निघण्याचं प्रमाण यामाहाचं ११ टक्के, सुझुकी आणि होंडाचं १२, कावासाकीचं १५. उलट ट्रायम्फचं २९, डुकाटीचं ३३ आणि बीएमडब्ल्यूचं ४० टक्के निघालं. हे आकडे आजही प्रत्येक वादात कुणीतरी आपटतोच. पण त्यात कंपनीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्या एकाच टोपलीत होत्या. शिवाय पाण्याने थंड होणारं जीएसचं इंजिन आलं २०१३ मध्ये, म्हणजे त्या मोजणीत बहुतेक जुन्याच जीएस असणार. जपानी गाड्या कमी दगा देतात हा कल खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तुम्ही कंपनी विकत घेत नाही, एका ठरावीक सालचं एक मॉडेल घेता.

माझी मोजपट्टी वेगळी आहे. काय बिघडतं, बिघडायच्या आधी ते कळतं का, आणि बिघडल्यावर गाडी जागेवर बसते की रखडत का होईना पुढच्या गावापर्यंत नेते, एवढं बघायचं.

जीएसचंच घ्या. आर १२०० जीएसच्या जुन्या मॉडेलमध्ये टाकीतलं पेट्रोल मोजणारी पट्टी वारंवार जायची. काटा खोटं बोलायचा, बस. ट्रिप मीटर शून्य करून चालवलं की काम भागायचं. आता २०१३ नंतरच्या जीएसचा ड्राइव्ह शाफ्ट बघा, म्हणजे चेनऐवजी इंजिनची ताकद मागच्या चाकाला नेणारा दांडा. मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या आत ओल साचते, शाफ्टचे सांधे गंजतात, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. पुढे बीएमडब्ल्यूने तपासणीची मोहीम काढली आणि दर ६०,००० किलोमीटरला शाफ्ट बदलायचा असं वेळापत्रकातच घातलं. यादीत दोन्ही बिघाड एकेक ओळ खातात, पण एकाने चिडचिड होते आणि दुसऱ्याने मागचं चाकच फिरायचं थांबू शकतं.

चेनची लोक कटकट मानतात: तेल घाला, ताण बघा, धूळ पुसा. पण चेन मरायच्या आधी महिनाभर बोंबलत असते. सैल पडते, कडी अडकते, स्प्रॉकेटचे दात वाकडे होतात, आणि हे सगळं वाकून बघितलं की दिसतं. शाफ्टवाला दोन वर्षं सुखात काढतो, पण आतला गंज त्याला दिसत नाही. म्हणून शाफ्ट वाईटच असं नाही. यामाहाच्या १२०० सीसीच्या सुपर टेनेरेलाही शाफ्टच होता आणि त्या गाडीचं नाव चांगलं आहे. वापरलेली जीएस घेणार असाल तर शाफ्ट कधी तपासला, कधी बदलला, याचा कागद मागा. कागद नसेल तर तो खर्च आपल्याच माथी आहे असं धरून भाव करा.

व्ही-स्ट्रॉम ६५० मला का आवडते? तिच्यात बघण्यासारखं काही नाही, म्हणून. इंजिन १९९९ च्या एसव्ही ६५० वरून आलेलं, ६४५ सीसीचं व्ही-ट्विन. व्ही-स्ट्रॉममध्ये ते २००४ पासून आहे. इतकी वर्षं एकच इंजिन चाललं की त्याच्या खोड्या जगजाहीर होतात. काही गाड्यांचे स्टेटर, म्हणजे वीज तयार करणाऱ्या कॉइल, जळायचे, हेही म्हणूनच माहीत झालं. क्लच केबलचा, सस्पेन्शन साधं, टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट, तपासायचे २४,००० किलोमीटरला. एक मात्र करावंच लागतं. ऑइल फिल्टर आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप पुढच्या चाकाच्या मागे उघडे पडलेले असतात, तेव्हा खाली जाड बॅश प्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) लावल्याशिवाय दगडधोंड्यांत उतरू नका. फिल्टरवर एक टोकदार दगड बसला तर इंजिनची सगळी ख्याती तेलासोबत रस्त्यावर.

टेनेरे ७०० चं इंजिन २०१४ च्या एमटी-०७ मधलं, ६८९ सीसी, तेही घासूनपुसून तयार झालेलं. गाडी २०१९ मध्ये बाजारात आली. टॅपेटची तपासणी थेट ४०,००० किलोमीटरला. तिची अडचण इंजिनात नाही, चाकांत आहे. टायर ट्यूबचे, म्हणजे पंक्चर झालं की चाक उतरवा. ट्यूबलेससारखी बाहेरून दोरी खुपसून पाच मिनिटांत निघता येत नाही.

आफ्रिका ट्विन उत्तम गाडी आहे, आणि वजन झेपत असेल तर तिला नाव ठेवायला मला जागा नाही. २०१६ च्या पहिल्या काही गाड्यांचे स्पोक गंजायचे, एवढंच. २०२० च्या ११०० मध्ये मागचा सबफ्रेम, म्हणजे सीट आणि पेट्यांचा भार घेणारा सांगाडा, बोल्टने जोडलेला आहे, हे सामानवाल्यांनी लक्षात घ्यावं. आधीच्या १००० मध्ये तो मुख्य फ्रेमलाच जोडलेला होता. पेट्या लादलेली गाडी आडवी झाली आणि सबफ्रेम वाकला, तर पहिल्या प्रकारात तुकडा बदलता येतो आणि दुसऱ्यात फ्रेमशीच झटापट.

तुमच्या यादीत नसलेली एक गाडी मुद्दाम सांगतो, कावासाकी केएलआर ६५०. १९८७ पासूनची, एक सिलिंडर, दगडासारखी म्हणून प्रसिद्ध. त्याच दगडात इंजिनची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सरच्या चेनचा ताण धरणारी एक छोटी पट्टी होती, ती मोडायची, आणि तिचे तुकडे इंजिनात. चालवणाऱ्यांनी तिला टोपणनावसुद्धा ठेवलं होतं. मग बाहेरच्या लोकांनी मजबूत पट्टी बनवली, मालकांनी एका दुपारी ती बसवली आणि पुढे वर्षानुवर्षं गाडी पळवली. दोष माहीत असलेली जुनी गाडी मला दोष अजून न कळलेल्या नवीन गाडीपेक्षा जवळची वाटते. केटीएम ७९० अॅडव्हेंचर २०१९ मध्ये आली तेव्हा सगळे हरखले होते. कॅमशाफ्ट लवकर झिजल्याच्या तक्रारी नंतर पुढे आल्या. कुठलंही मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नये, हा माझा हट्ट तिथूनच पक्का झाला.

आता माझी स्वतःची फजिती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिच्यापेक्षा माझा जास्त. गाडीला फॉग लाइट, गरम होणाऱ्या ग्रिप आणि मोबाइल चार्जर, असं सगळं लटकवलं होतं. एका संध्याकाळी एबीएसचा दिवा लुकलुकायला लागला, मग मीटर विझलं, मग इंजिन मिस मारायला लागलं. मल्टिमीटर लावला तर चालू इंजिनावर बॅटरी ११.९ व्होल्ट. चार्जिंगच होत नव्हतं. सीट काढली तेव्हा आधी वास आला. स्टेटरकडून व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरकडे जाणाऱ्या तीन वायरींचा कनेक्टर वितळून तपकिरी गोळा झाला होता. इंजिन उत्तम, टाकी भरलेली, आणि मी रस्त्याकडेला. कनेक्टर कापून टाकला, तिन्ही वायरी सोलून थेट पिळल्या आणि वर टेप. त्या तीन वायरींत कुठली कुठे जोडायची याला महत्त्व नसतं, हे मला माहीत होतं म्हणून वाचलो. दिवे बंद ठेवून तीस किलोमीटर काढले.

तेव्हापासून कुणाचीही वापरलेली गाडी बघताना मी पिस्टन-बिस्टनच्या गप्पा मारत नाही. आधी बॅटरीवर मल्टिमीटर ठेवतो. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या पुढे, आणि ५,००० आरपीएमवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. मग सीटखालचे कनेक्टर उघडून काळपट डाग बघतो, पेट्यांच्या स्टँडजवळ सबफ्रेमवर रंग तडकलाय का बघतो, चाक धरून हलवतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. चेसिस नंबर देऊन कंपनीकडे रिकॉलची कामं झालीत का तेही विचारा.

आणि टेनेरे घेतलीत, तर मागच्या चाकाची ट्यूब बदलायचा सराव निघण्याआधी घरीच दोनदा करा. पहिल्यांदा मला पावणेदोन तास लागले, आणि शेवटच्या इंचाला टायर लिव्हरने नव्या ट्यूबला असा चिमटा घेतला की हवा भरताभरताच ती फुस्स.