लाकडाला डोळे फुटले, येऊरला दिसेल का?

प्रश्न : परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक रील आलं, सुकलेल्या खोडावर लाकडाचाच एक तुकडा आणि एकदम त्याला हे एवढे मोठे पिवळे डोळे उघडतात! मुलगा म्हणतो एआयने बनवलंय, सासूबाई म्हणतात भुताचा पक्षी आहे, बंद करा ते. आम्ही वर्तकनगरला राहतो, येऊरचं जंगल जवळच, तिकडे दिसेल का हा? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, वर्णनावरून तरी हा पोटू वाटतोय, आणि तो अगदी खराखुरा पक्षी आहे. सासूबाईंना सांगा, ब्राझीलमध्ये त्याला चक्क 'चंद्राची आई' म्हणतात. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या जंगलांत राहतो, रात्री किडे पकडतो आणि दिवसभर तुटक्या फांदीच्या टोकावर चोच वर करून ताठ बसतो, रंग हुबेहूब सालीचा. डोळे मिटलेले दिसतात पण वरच्या पापणीला बारीक खाचा असतात, त्यातून सगळं बघत असतो (आमचे आजोबा दुपारी तोंडावर पेपर घेऊन झोपायचे आणि फ्रिज कोणी उघडला ते बरोबर सांगायचे, तसंच). घरटंबिरटं काही नाही, खोडाच्या खळगीत एकच अंडं.

येऊरला पोटू नाही मिळणार, पण त्याचा लांबचा भाऊबंद आहे ना, रातवा. हा पाचोळ्यात बसतो, दोन अंडीही सरळ जमिनीवरच घालतो. एकदा मी येऊरच्या पायवाटेवर बुटाची लेस बांधायला वाकलो तर हातभर अंतरावरचं एक पान उठून उडालं, दहा फुटांवर बसलं, आणि मी डोळे फाडून बघतोय तरी परत सापडलं नाही म्हणजे नाही. शोधायला जाऊ नका, पाय पडायचा अंड्यांवर.

त्यापेक्षा तिन्हीसांजेला गावाच्या रस्त्याला थांबा, नॅशनल पार्कची (येऊरचं जंगल त्याचाच भाग) वेळ संपल्यावर जंगलात नको. बाईकवर असाल तर हळू, कारण हे महाशय रस्त्यावरच बसतात, हेडलाइटमध्ये निखाऱ्यासारखे लाल डोळे चमकले की ब्रेक मारा. नाहीतर नुसतं ऐका. फरशीवर गोटी टाकली की आधी टक, टक, मग टकटकटकर्रर्र होतं ना, भारतीय रातवा तसाच ओरडतो. मुलाला निघायच्या आधी घरीच गोटी टाकून दाखवा, तिकडे तोच पहिला ओळखेल.