निवृत्तीनंतर बुद्धी मंदावते का?

सरसकट नाही. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून चाललेल्या 'व्हाइटहॉल २' अभ्यासात शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता निवृत्तीनंतर आधीपेक्षा सुमारे ३८ टक्के अधिक वेगाने घसरताना दिसली. तर्कशक्तीवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. मोठ्या हुद्द्याचा फायदाही नोकरीपुरताच होता, म्हणजे साहेबांनाही सूट नाही!

अर्थात काहीजण आजारपणामुळेच नोकरी सोडतात, तेव्हा सगळं खापर निवृत्तीवर फोडू नये. बिघडलेली झोप, उदासी, कमी ऐकू येणं यांमुळेही विसराळूपणा वाढतो. आधी ते तपासा. शब्दकोडी ठीक आहेत, पण ती एकट्याने सुटतात. त्यापेक्षा चारचौघांत, ठरलेल्या वेळी नवं काही शिका. रोजचे व्यवहारच चुकू लागले, तर 'वय झालं' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा.