कॅमेलिऑनच्या (रंग बदलणाऱ्या सरड्याच्या) पिंजऱ्यात मिस्टिंगचं, म्हणजे बारीक फवाऱ्याचं, जास्तीचं पाणी साचतं, ते आपोआप कसं काढायचं?

पंप, सेन्सर वगैरेच्या भानगडीत पडूच नका, पाणी उताराने आपसूक जातं. जाळीचा पिंजरा असेल तर खाली उभ्या कडांचा प्लास्टिक ट्रे सरकवा, एका कोपऱ्यात भोक पाडून अर्धा इंची टँक निपल लावा (आपल्या गच्चीवरच्या टाकीला असतो तोच, रबरी वायसर विसरू नका) आणि तिथून पाइप थेट बादलीत. ट्रे त्या कोपऱ्याकडे थोडा कलता ठेवा, पाइपला मध्ये झोळ पडू देऊ नका, नाहीतर पाणी तिथेच अडून बसतं. भोकावर बारीक जाळी हवीच, माझ्याकडे मेलेले रातकिडे आणि फायकसची पानं अडकून ट्रे तुंबला आणि सकाळी सगळी फरशी ओली! बादली मिस्टरच्या (फवारा मारणाऱ्या यंत्राच्या) टाकीपेक्षा मोठी घ्या आणि टाकी भरताना दरवेळी रिकामी करा, म्हणजे ओसंडायचा प्रश्नच नाही.

काचेची टाकी असेल तर ड्रिल मारायच्या आधी तळ टफन्ड आहे का बघा, टफन्ड काचेचा एका झटक्यात चुरा होतो. तळ टफन्ड असेल तर ड्रिल न मारता मातीखाली दोनेक इंच क्ले बॉल्स (भाजलेल्या मातीच्या गोळ्या), वर जाळी आणि कोपऱ्यात उभा पाइप, त्यातून सायफनने पाणी ओढायचं, हे मात्र हाताने करावं लागतं. ते पाणी परत मिस्टरमध्ये नको, त्यात विष्ठा असते.